बशीतला समुद्र

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत शिरलं की समोर एक पाटी दिसायची, 'येथील कोणताही पदार्थ चाखून पाहू नये.' अक्षर चित्रकलेच्या सरांचं होतं, तांबड्या रंगात. पण त्यातला 'चा' कधीतरी पुसला गेला होता, आणि नवीन मुलं 'येथील कोणताही पदार्थ खून पाहू नये' असं मोठ्याने वाचून गोंधळात पडायची. तो 'चा' पुन्हा रंगवावा असं मी शाळा सोडेपर्यंत कुणाला वाटलं नाही.

उरण-पेण पट्ट्यातलं खाडीकाठचं गाव, आणि काळ ऐंशीच्या दशकातला. प्रयोगशाळा म्हणजे शेवटच्या वर्गाची अर्धी भिंत पाडून केलेली लांबट खोली. गॅस नव्हता, स्पिरिटचे दिवे होते. किल्ली शिपाईमामांच्या कमरेला असे, आणि ती सुटायची फक्त शुक्रवारच्या डबल तासाला. सत्तर मिनिटं. त्यातली दहा मिनिटं कुलपाशी आणि दहा ओळीत उभं राहण्यात जात. उरलेल्या वेळात निसर्गाने आपले नियम आम्हाला सिद्ध करून दाखवायचे असत.

स्फटिक पहिल्यांदा केले ते मोरचुदाचे. मोरचूद मला आधीपासून माहीत होतं. श्रीवर्धनला मामाच्या वाडीत पावसाळ्याच्या तोंडाशी सुपारीवर बोर्डो मारायचे. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी. मिश्रण जमलं की नाही ते पाहायला मामा त्यात विळा बुडवायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळं राहिलंय, म्हणजे अजून चुना हवा. हे सगळं रसायनशास्त्र आहे हे मामाला कुणी सांगितलं नव्हतं आणि सांगितलं असतं तर त्याने विळा पुसून कमरेला लावला असता.

शाळेत मात्र मोरचूद वेगळंच निघालं. परीक्षानळीत चिमूटभर घेऊन तापवलं, तर निळं गेलं आणि पांढरी भुकटी राहिली. नळीच्या तोंडाशी पाण्याचे थेंब जमले. कोरड्या ठणठणीत खड्यातून पाणी! सर म्हणाले, "ह्याला स्फटिकजल म्हणतात. एका रेणूमागे पाण्याचे पाच." मग त्या भुकटीवर ड्रॉपरने दोन थेंब सोडले, ती पुन्हा निळी झाली आणि नळी हाताला कोमट लागली. निळेपणा तांब्याचा एकट्याचा नसून पाण्याच्या सोबतीचा आहे, हे कळल्यावर मला का कोण जाणे, मोरचुदाबद्दल थोडी कणव वाटली.

पुढच्या शुक्रवारी गरम पाण्यात मावेल तितकं मोरचूद विरघळवलं, गाळलं, आणि दोऱ्याला बांधलेला बारीक खडा त्यात सोडला. हा खडा म्हणजे बीजस्फटिक. आई विरजण लावते तसंच हे, असं मी मनाशी पक्कं केलं. चमचाभर जुनं आत घालायचं, मग बाकीच्याला आपण काय व्हायचं ते कळतं. विरजणाचं भांडं आई फडताळाच्या वरच्या कप्प्यात ठेवायची आणि त्याला रात्रभर कुणी हात लावायचा नाही. एवढी गोष्ट मात्र मी घरून शाळेत न्यायला विसरलो.

मी रोज मधल्या सुट्टीत शिपाईमामांच्या हातापाया पडून प्रयोगशाळेत जायचो आणि दोरा वर उचलून स्फटिक किती वाढला ते बघायचो. पुन्हा सोडायचो. दर वेळी पाणी हलायचं, खडा बाहेरच्या हवेत थंड होऊन आत जायचा, वर एखादा धुळीचा कण घेऊन जायचा. शनिवारपर्यंत माझ्या दोऱ्याला एकावर एक चढलेल्या वेड्यावाकड्या खड्यांचा गुच्छ लागला होता, काजूच्या बोंडाला मुंग्या लागतात तसा. माझ्या शेजारी बसणारा मुलगा त्या आठवड्यात आजारी होता. त्याचं चंचुपात्र कपाटाच्या मागे तसंच राहिलं. त्यात अंगठ्याच्या नखाएवढा, तिरक्या कडांचा, आरपार निळा एकच स्फटिक निघाला. सरांनी तो प्रदर्शनाच्या कपाटात ठेवला, शेजारी त्याचं नाव. त्याला तापातून उठल्यावर हे समजलं. मी त्या मुलाशी दोन दिवस बोललो नाही.

आमच्या भाषेला ह्या सगळ्यासाठी एक साधं क्रियापद आहे, पण पाठ्यपुस्तकाने ते कधी वापरलं नाही. मध साखरतो. पाक साखरतो. घरात मात्र साखरणं हा अपराध आहे. दिवाळीत चिरोट्यांचा पाक करताना आई ओरडायची, "ढवळू नकोस रे, साखरेल!" कढईच्या कडेला चिकटलेला साखरेचा एक कण आत पडला तरी सगळा पाक त्याचं अनुकरण करतो, म्हणून ती ओल्या फडक्याने कडा पुसून घ्यायची आणि वर लिंबू पिळायची. लिंबाच्या आंबटाने थोडी साखर फुटून दोन वेगळ्या साखरा होतात आणि त्या रांगेत नीट उभ्या राहू देत नाहीत. म्हणजे सर दोऱ्याला कण बांधून जे घडवायला बघत होते, तेच घडू नये म्हणून आई फडकं घेऊन कढईशी उभी होती. दोघांचं ज्ञान एकच होतं.

नववीत मिठाची पाळी आली. पुस्तकातलं नाव भारदस्त होतं, 'उदासिनीकरणाने क्षार तयार करणे'. एका बाजूला हायड्रोक्लोरिक आम्ल, दुसऱ्या बाजूला कॉस्टिक सोडा. दोन्ही हाताला लागले तर कातडी जाळणारे. शंकुपात्रात पंचवीस मिलिलिटर सोडा, त्यात फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब, की लगेच राणी रंग. वरून ब्युरेटमधून आम्ल थेंबथेंब सोडायचं आणि पात्र गोल फिरवत राहायचं. रंग जातो, परत येतो, जातो, आणि मग एका थेंबाला तो गेला तो गेलाच. तो थेंब कोणता हे आजवर कुणाला आधी सांगता आलेलं नाही, आमच्या सरांनाही नाही. ब्युरेटचा आकडा लिहून घ्यायचा आणि मग सगळं पुन्हा करायचं, ह्या वेळी रंगाचे थेंब न घालता, नुसत्या आकड्यावर विश्वास ठेवून. मीठ स्वच्छ यायला हवं ना.

मग ते पाणी बाष्पनपात्रात घालून दिव्यावर. सत्तरातली पन्नास मिनिटं संपलेली. सर म्हणाले, "आटवा." आम्ही आटवलं. उद्देश, साहित्य, कृती इथपर्यंत आमची जर्नलं खरी होती. पाणी कमी व्हायला लागलं तसं वर पांढरं दिसायला लागलं आणि अचानक तडतड सुरू झाली. पात्रातून मीठ उडायला लागलं. मुली मागे सरल्या. मला एकदम घरची संध्याकाळ आठवली. धाकट्या बहिणीवरून मीठ-मोहरी ओवाळून आजी चुलीत टाकायची आणि तडतडलं की म्हणायची, "बघ, केवढी दृष्ट होती!" मिठाच्या खड्याच्या पोटात खाऱ्या पाण्याचे बारीक थेंब अडकून राहिलेले असतात. खडा तापला की त्या थेंबांची वाफ होते आणि खडा फुटतो. हे मला कळलं कॉलेजात. आजीला मी ते सांगितलं नाही. दृष्ट गेली हे तर खरंच होतं.

पात्रात शेवटी उरला तो करपट कडांचा, राखेसारखा पांढरा लेप. दीड ग्रॅमसुद्धा नसेल. हिशोबाने तेवढाच यायचा होता, त्यातलाही काही टेबलावर उडालेला. स्फटिक एकही नाही. आणि जर्नलात आम्ही सर्वांनी लिहिलं, 'निरीक्षण : मिठाचे पांढरे, घनाकृती स्फटिक मिळाले.' वरच्या वर्गातल्या मुलीचं जर्नल पाच रुपये भाड्याने मिळत असे, त्यातून उतरवून. सरांनी लाल शाईत सही केली. त्यांनी पात्रात पाहिलं नाही असं नाही. पाहिलं, आणि सही केली. त्यांना चोपन्न जर्नलं तपासायची होती.

तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला.

"सर, मीठ चुलीवर नाय पिकत."

तो मुलगा आगरी, गावाच्या खालच्या अंगाला राहणारा. त्याच्या वडिलांचं मिठागरावर काम. वर्गात तो सहसा बोलत नसे, कारण बोलला की त्याच्या भाषेवर कुणीतरी हसायचं. ह्या वेळीही हसलेच. सरांनी मात्र खडू खाली ठेवला.

"मग कशावर पिकतं?"

"उन्हावर. आणि वाऱ्यावर. घाई केली तं नुसता चुरा."

सर थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दाखव करून."

त्याचं म्हणणं किती बरोबर होतं ते मला पुढे आकडे वाचून कळलं. मोरचूद गरम पाण्यात थंड पाण्याच्या कितीतरी पट विरघळतं, म्हणून पाणी निवलं की जास्तीचं मोरचूद बाहेर येऊन खडे धरतं. मिठाचं तसं नाही. शंभर मिलिलिटर साध्या पाण्यात ते ३६ ग्रॅम विरघळतं आणि उकळत्या पाण्यात ३९. फरक अवघा तीन ग्रॅमचा. मिठाला ऊन-थंडीचं काही पडलेलं नाही. त्याला गरम करून, गार करून फसवता येत नाही. पाणी गेलं की ते येतं, आणि पाणी जितकं सावकाश जाईल तितकं ते नीट येतं.

रविवारी मी त्याच्याबरोबर आगरात गेलो. त्याचे वडील बांधावर उभे होते. उधाणाच्या भरतीला उघाडी उघडून खाडीचं पाणी आत घेतात. मग ते एका कप्प्यातून पुढच्या कप्प्यात, तिथून त्याच्या पुढच्या, असं सरकवत नेतात. प्रत्येक कप्प्यात पाणी थोडं आणखी आटतं, थोडं आणखी जड होतं. आधी चुन्याचे पदार्थ तळाशी बसतात. मूळ पाण्याचा साधारण दहावा हिस्सा उरेपर्यंत मीठ तोंड दाखवत नाही. पुस्तकात यासाठी बोमे नावाचं मोजमाप आहे आणि मीठ पंचविसाच्या आसपास येतं. काका पाण्यात हात घालून बोटं एकमेकांवर घासायचे आणि सांगायचे, "अजून दोन दिस."

मोसम नुकता सुरू व्हायचा होता. शेवटच्या कप्प्यांची जमीन पायांनी तुडवून घट्ट करायचं काम चाललं होतं. पाणी मुरू नये आणि मिठाला चिखल लागू नये म्हणून. मी विचारलं, मीठ आलं हे कळतं कसं? काका म्हणाले, पाणी आधी रंग धरतं. कधी कधी गुलाबी. मग वर साय येते. साईला हात लावायचा नाही.

गुलाबी! ह्या दाट खाऱ्या पाण्यात तग धरणारे सूक्ष्म जीव असतात, रंग त्यांचा. पण मला तेव्हा एवढंच दिसलं की आमच्या पात्रात गुलाबी जातो त्या क्षणी मीठ होतं, आणि इथे गुलाबी येतो तेव्हा मीठ जवळ आलेलं असतं.

निघताना काकांनी गेल्या मोसमातलं मूठभर जाडं मीठ माझ्या हातावर ठेवलं. मातकट, करडं. "चाख." मी चाखलं. खारट, आणि मागून किंचित कडसर. मीठ येऊन गेल्यावर उरतं ते पाणी वेळेवर सोडून द्यावं लागतं, नाहीतर त्यातले मॅग्नेशियमचे क्षार मिठाला लागतात. असं मीठ कडू होतं आणि पावसाळ्यात पाणी सोडतं. काका ते पाणी जिभेवर घेऊन ठरवायचे. त्यांच्या आगरात चाखू नये अशी पाटी नव्हती. तीच तर त्यांची प्रयोगशाळा.

इथे थोडं विषयांतर. १८८२च्या कायद्याने मीठ करण्याची मक्तेदारी सरकारकडे होती. म्हणजे पुढे आम्ही शाळेच्या खिडकीत जे केलं ते पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी केलं असतं तर गुन्हा ठरला असता. ६ एप्रिल १९३० रोजी दांडीला तो गुन्हा जाहीरपणे झाला. मग वडाळ्याच्या आगरांवर लोक धावून गेले, आणि मे महिन्यात तळकोकणात शिरोड्याला सत्याग्रह झाला. त्या काळात शिरोड्याच्या शाळेत वि. स. खांडेकर शिक्षक होते. १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षं. मला नेहमी वाटतं, त्या शाळेत विज्ञानाच्या तासाला मिठाचा धडा कसा शिकवला असेल? फळ्यावर 'पाणी आटवल्यास मीठ मिळते' हे वाक्य लिहिताना मास्तरांनी दाराकडे पाहिलं असेल का?

तर, दाखव करून, असं सर त्या आगरी मुलाला म्हणाले होते. त्याने पाचही गटांचं रंग न घातलेलं उदासीन पाणी मागून घेतलं. बाष्पनपात्र त्याने नाकारलं. "खोल हाय. पसरट पायजे." मग सरांनी शिक्षक-खोलीतून चहाच्या दोन बशा आणवल्या. त्यात पाणी ओतलं, वर भोकं पाडलेला वर्तमानपत्राचा कागद घातला, आणि बशा दक्षिणेच्या खिडकीत ठेवल्या. ती खिडकी त्या दिवशी कितीतरी वर्षांनी उघडली. दिवाळीची सुट्टी लागायला दोन दिवस होते. बाहेर ऑक्टोबरचं ऊन मी म्हणत होतं.

खूप उशिरा, एका रिकाम्या संध्याकाळी, मी त्या बशीतल्या पाण्याचा हिशोब केला. आमचं आम्ल एक नॉर्मल, सोडा एक नॉर्मल, दोन्ही सारखे घेतले की होणाऱ्या पाण्यात लिटरला साधारण २९ ग्रॅम मीठ. समुद्राच्या पाण्यात सगळे क्षार मिळून लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास, त्यातलं मीठ २७. म्हणजे दोन जळजळीत बाटल्यांतून, स्पिरिटच्या दिव्यांच्या खोलीत, आम्ही जवळजवळ समुद्राइतकंच खारट पाणी केलं होतं. खाडी शाळेपासून चालत दहा मिनिटांवर होती.

मिठाच्या आतलं घर कसं आहे हे १९१३मध्ये ब्रॅग पितापुत्रांनी क्ष-किरणांनी शोधलं. त्यासाठी १९१५चं नोबेल मिळालं तेव्हा मुलगा लॉरेन्स पंचवीस वर्षांचा होता. त्यांना दिसलं ते असं की मिठात सोडियम आणि क्लोरीनच्या जोड्याच नाहीत. बुद्धिबळाच्या पटावर काळं-पांढरं घर यावं तसे ते आलटून पालटून, आणि प्रत्येकाला सहा शेजारी. वर, खाली, पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे. कोण कुणाचा हे सांगता येत नाही. हेन्री आर्मस्ट्राँग नावाच्या ऐंशीच्या उंबरठ्यावरच्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाला हे इतकं झोंबलं की त्याने १९२७मध्ये 'नेचर'ला पत्र लिहून बिचाऱ्या मिठाची बाजू घेतली. हा बुद्धिबळाचा पट म्हणजे शुद्ध वेडेपणा आहे आणि हे रसायनशास्त्रातलं 'क्रिकेट', म्हणजे सरळ खेळ, नव्हे, असा त्याचा सूर होता. म्हातारा चुकला होता, पण मला तो आवडतो. नववीत एनएसीएल असं जोडीने लिहिलेलं मीठ मीही मनात नवराबायकोसारखंच धरलं होतं. ती जोडी नव्हेच, ती अख्खी चाळ आहे, हे कळल्यावर मलाही दोन दिवस करमलं नव्हतं.

सुट्टी संपली. पहिल्याच शुक्रवारी मी आणि तो आगरी मुलगा कुलूप उघडायच्या आधीपासून दाराशी. आत गेलो तर खिडकीत बशी एकच. शिपाईमामांनी दिवाळीची साफसफाई करताना एक उचलली, "किती दिवस पांढरी पुटं चढलेली ठेवायची," म्हणून खसाखसा धुतली आणि शिक्षक-खोलीत परत नेऊन दिली. चहाची बशी ती, चहाला गेली. दुसरी सल्फरच्या बरणीमागे सरकलेली होती म्हणून वाचली.

कागद उचलला. कडेवरून मीठ बाहेर सरपटत येऊन बशीच्या पाठीपर्यंत गेलं होतं, जणू त्याला खिडकीतून उतरायचं होतं. तळाशी घन होते. फाशाएवढे नाहीत, चण्याच्या डाळीएवढे असतील, पण कोपरे असे की बोटाला कळावेत. आणि त्यांच्यामध्ये तीन-चार वेगळेच. पोकळ, चौकोनी, तोंडाकडे रुंद आणि आत पायरी-पायरीने खोल जाणारे, बारवेसारखे. हे पाण्याच्या वरच्या सायीत जन्मतात. कडांना ताजं मीठ आधी मिळतं म्हणून कडा पुढे वाढतात आणि मध्य मागे राहतो. जड होऊन खडा थोडा बुडतो, मग पाण्याच्या पातळीवर पुढची पायरी धरते. त्या तीन आठवड्यांत कुणी खिडकी आपटली असती, कुणी माझ्यासारखा उचलून बघायला आला असता, तर बारव बांधून झाली नसती.

सरांनी बशी दोन्ही हातांत धरून उजेडाकडे नेली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आमची दोघांची जर्नलं मागवली. माझं जर्नल उघडून त्यांनी स्वतःची लाल सही एका रेघेने खोडली, शेजारी त्या दिवसाची तारीख घातली आणि खाली पुन्हा सही केली. 'घनाकृती स्फटिक मिळाले' ह्या वाक्यात त्यांनी काहीच बदललं नाही.

ते लिहीत असताना त्या आगरी मुलाने एक बारव चिमटीत उचलली आणि पाटीखाली उभं राहून जिभेवर ठेवली. सरांनी पाहिलं. ओरडले नाहीत. त्यांनाही ऐकायचं असावं.

तो जरा वेळ डोळे बारीक करून काहीतरी शोधत राहिला, वडिलांसारखा. मग त्याचा चेहरा उतरला.

"सर," तो म्हणाला, "हे नुसतंच खारट हाय."